एक टक्क्याची चूक केवढी?

जागतिक हवामान संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ साली हवेतील कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण दर दहा लाख भागांमागे ४२३.९ भागांवर पोहोचले. एका वर्षातली वाढ ३.५ भागांची, १९५७ मध्ये आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी. तरीही ही वाढ एकूण प्रमाणाच्या एक टक्काही नाही. म्हणजे मोजणीत एक टक्क्याची चूक झाली, तर वर्षभराची वाढ त्यातच बुडून जाते.

हा वायू मोजण्याची एक रीत शस्त्रक्रियागृहात रोज वापरात असते. भूल दिलेल्या रुग्णाच्या उच्छ्वासातून कॅप्नोग्राफ अवरक्त किरण सोडतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषतात; किती किरण कमी झाले, त्यावरून वायू किती हे कळते. श्वासनलिकेऐवजी नळी अन्ननलिकेत गेली, तर आलेख उमटत नाही किंवा काही श्वासांतच सपाट होतो. यंत्र बरोबर चालते का, हे ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून तपासता येते. जमिनीवरील मोजणी केंद्रेही तेच करतात.

उपग्रहाला ही सोय नाही. २०१४ मध्ये सोडलेला नासाचा ओसीओ-२ उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशातील १.६ आणि २.०६ मायक्रॉनजवळच्या काळ्या रेषा वाचतो. त्यावरून वायूचे प्रमाण काढायचे, तर एक रेणू त्या रेषेत किती प्रकाश शोषतो हे आधी ठाऊक हवे. हीच रेषेची तीव्रता. कंप पावताना रेणूतील विद्युतभाराची वाटणी किती बदलते आणि त्या तापमानाला किती रेणू योग्य ऊर्जापातळीवर असतात, यावर ती ठरते. हजारो रेषा प्रयोगशाळेत एकेक करून इतक्या अचूक मोजणे अवघड. तिथे गणित कामी येते. २०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वांटम सिद्धांतावरून काढलेल्या तीव्रता प्रत्यक्ष मोजमापांशी एक टक्क्याहून कमी फरकाने जुळल्या.

उपग्रहाचे आकडे जमिनीवरील केंद्रांशी ताडून पाहिले जातात. पण समुद्रावर आणि घनदाट जंगलांत अशी केंद्रे विरळ आहेत. कोणते जंगल किती वायू शोषते, कोणते शहर किती सोडते, हे सांगणारा फरक अनेकदा दहा लाखांत एक-दोन भागांचाच असतो. अशा वेळी अमेरिकी सरकारच्या २०२६ च्या अंदाजपत्रकी प्रस्तावात ओसीओ मोहिमांसाठी निधी नव्हता. देशांनी जाहीर केलेले उत्सर्जनाचे आकडे स्वतंत्रपणे पडताळायचे असतील, तर अचूक गणित आणि चालू उपग्रह दोन्ही लागतील.