कमरेचे पिस्तूल आणि बांधावरची काठी

पौषातल्या थंडीत हिवरा आश्रम गजबजून जातो. शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमात जयंतीचा उत्सव भरतो, लाखोंच्या पंगती बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी-भाजीचा प्रसाद वाढला जातो. त्याच रात्री मेहकर-चिखलीच्या शिवारात हरभरा राखणारा शेतकरी जागलीवर असतो. समोर रानडुकरांचा किंवा रोह्यांचा कळप आणि हातात काठी व बॅटरी, एवढाच त्याचा शस्त्रसंभार!

या शेतकऱ्याच्या संरक्षणाची चर्चा करायची सोडून आपल्या शहरी तरुणांत भलत्याच विषयाला रंग चढतो. रानावनात भटकताना कमरेला कोणते पिस्तूल असावे? अमेरिकेतील शिकारी अस्वलाच्या भीतीने रिव्हॉल्व्हर बाळगतो, मग आपण का नको? प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या भूमीची आणि आपल्या कायद्याची कितपत ओळख आहे?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपुष्टात आणली. अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेणे हाच गुन्हा आहे. म्हणजे बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात कमरेला पिस्तूल लावून शिरणारा भटक्या अस्वल दिसण्याआधीच अपराधी ठरतो. शिवाय ०.३२ बोअरची आखूड नळीची गोळी अंगावर धावून आलेल्या अस्वलाला किंवा डुकराला जागीच रोखील, याचा भरवसा कोणी द्यावा? जखमी रानडुक्कर हे धडधाकट डुकरापेक्षा अधिक घातक, हे कोणताही जुना शेतकरी सांगेल. २०१९ साली टिपेश्वरचा एक वाघ शेताशिवारांतून सुमारे १३०० किलोमीटर चालत ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत असंख्य गावे लागली, पण त्याने एकाही माणसाचा बळी घेतला नाही. सोबत, आवाज, उजेड आणि सावधपणा हीच रानातली खरी शस्त्रे होत.

मग शस्त्राचा अधिकार कोणाचा? १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र केले. गोऱ्यांना मात्र सूट ठेवली. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्याने निदान शेतकऱ्याची आठवण ठेवली. पिकाच्या प्रामाणिक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या नागरिकाचा त्यात वेगळा उल्लेख आहे. पिस्तुलाला ही सवलत नाही. त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. कायदा करणाऱ्यांना बांध आणि मिरवणूक यांतला भेद कळत होता. तो आपल्याला का कळू नये?

अर्थात परवाना म्हणजे मोकाट शिकार नव्हे. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे, तर वनाधिकाऱ्याची परवानगी हवीच, आणि ती असलीच पाहिजे. परंतु पीक फस्त झाल्यावर मिळालेल्या परवानगीचा उपयोग काय? अर्ज कचेरीतून कचेरीत फिरत राहतो आणि हताश माणूस कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला जनावर चिकटते, तसाच पहाटे पाणी द्यायला आलेला शेजाऱ्याचा मुलगाही चिकटतो. हे पाप एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून प्रशासनाला आणि दिवाणखान्यातील प्राणिप्रेमिकांना हात झटकता येणार नाहीत.

तेव्हा मागायचेच असेल, तर पिकराखणीच्या परवान्याचा निर्णय ठरल्या मुदतीत मागावा, नुकसानभरपाई पुढच्या पेरणीपूर्वी मागावी, ओलितासाठी दिवसा वीज मागावी. कमरेच्या पिस्तुलाचा हट्ट धरणारे या न्याय्य मागणीला केवळ हौसेचा वास लावतात.

ज्या स्वामीजींच्या नावाने हिवऱ्यात पंगत बसते, त्यांनी निर्भयता शिकवली. ती कमरेच्या पट्ट्यात मिळत नाही. पुढच्या पौषात प्रसादाला जाणाऱ्याने परतताना रात्री एखाद्या बांधावर थांबावे. काठी घेऊन अंधारात एकटा उभा असलेला तो माणूस आपल्याहून अधिक निर्भय आहे. त्याला एकटे ठेवणे, ही मात्र आपली भीरुता आहे.