बोट कधी येणार?

निर्मळच्या तळ्याकडून संध्याकाळी परतताना मावसभावाच्या घरी डोकावण्याचा माझा जुना नेम आहे. दादा आता ऐंशीच्या घरात आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. दिवसभर ते शांत असतात. दिवेलागण झाली की दारापाशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, ‘‘बोट कधी येणार?’’

ही बोट म्हणजे ‘कंपाला’. ती आणि तिची जोडीदारीण ‘करंजा’ या बोटी त्या काळी मुंबई आणि पूर्व आफ्रिका यांच्यामध्ये ये-जा करीत. काका तेथील रेल्वेत कारकून होते. नैरोबीत वाढलेल्या दादांना १९५६ साली, अकराव्या वर्षी, मोंबासाच्या बंदरातून या बोटीवर चढवण्यात आले आणि पुढे पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. सोबत एक पत्र्याची ट्रंक होती. ती आजही माळ्यावर आहे.

दादांची संध्याकाळची घालमेल पाहून मीच वहिनींना सल्ला दिला होता, ‘‘जुन्या आठवणी जागवा.’’ हा सल्ला काही निराधार नव्हे. उतारवयात माणूस मागे वळून पाहतो तो केवळ वेळ घालवण्यासाठी नव्हे, आयुष्याचा हिशेब लावण्यासाठी, असे रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ साली मांडले. त्यातूनच पुढे स्मरणरंजनाच्या उपचारपद्धतीला बळ मिळाले. (तिचा लाभ माफक असतो आणि सर्वांना सारखा होत नाही, हेही सांगितले पाहिजे.)

वहिनींनी ट्रंक उतरवली आणि शाळेतला समूहफोटो दादांच्या हाती दिला. दादा फोटोकडे पाहत राहिले, मग रडू लागले. ‘‘बाबांना कळवा, मला न्यायला या.’’ वहिनी गोंधळून म्हणाल्या, ‘‘अहो, बाबा जाऊन तीस वर्षे झाली.’’ दादांना ती बातमी त्याच क्षणी नव्याने कळली. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

चूक माझी होती. बालपण म्हणजे गोडच, असे मी गृहीत धरले होते. पाचगणीच्या धुक्यात त्या मुलाचे काय झाले, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. थोडेफार कळले ते पुढे दादांच्याच तुटक बोलण्यातून. पहिल्या दिवशी भोजनगृहात त्यांनी ‘माजी’ मागितले. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी. सारी पंगत हसली. त्यानंतर कित्येक महिने हा मुलगा गरजेपुरतेच बोलला.

परदेशात बालपण गेलेल्या सर्वांचेच असे होते, असे नाही. सई परांजपे यांच्या बालपणीची काही वर्षे ऑस्ट्रेलियात गेली; आजोबा रँग्लर परांजपे तेथे भारताचे हायकमिशनर होते. त्या पुढे नाटकात आणि चित्रपटात रमल्या आणि ‘सय’ या पुस्तकात आपला कलाप्रवास त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. ज्यांना असे लिहिता येत नाही, त्यांच्या आठवणींतले कोणते पान उघडायचे हे जवळच्या माणसांना चाचपडतच शोधावे लागते.

आमच्या हाती ते पान योगायोगाने लागले. ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेली लोकरीची पांढरी दाढी होती. दादा पुण्याच्या महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धा नुकतीच, १९६३ साली, सुरू झाली होती. दुसऱ्या वर्षी त्यांच्या चमूनेही एकांकिका बसवली आणि एकोणीस वर्षांच्या दादांना म्हाताऱ्याची भूमिका मिळाली. बक्षीस मिळाले नाही. मात्र रंगमंचावर शब्द आधीच लिहिलेले असतात, ते पाठ करून म्हटले की उच्चाराला कोणी हसत नाही, हे दादांना तेथे उमगले असावे. दाढी हाती येताच ते उठले, खांद्यावरचे नसलेले उपरणे सावरले आणि चार पावले कमरेत वाकून चालले. खरे म्हणजे आता त्यांना वाकण्याचा अभिनय करण्याची गरज नाही. तरीही तो त्यांनी केला.

आता वहिनी बोटीच्या प्रश्नाला खोडून काढत नाहीत, खोटे वेळापत्रकही सांगत नाहीत. ‘‘बाबांची आठवण येतेय का?’’ एवढेच विचारतात, जवळ बसतात आणि थोड्या वेळाने नाटकाचा विषय काढतात. दिवे अंधार पडण्याआधीच लावले जातात. मध्यंतरी ही घालमेल दोन दिवसांत एकाएकी वाढली, तेव्हा मात्र आठवणींवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे नेले. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. अशी अचानक वाढ दिसली तर तुम्हीही थांबू नका.

नाटकाचा उपाय रोज लागू पडतो असे नाही. काही संध्याकाळी दादा दाढी बाजूला सारतात आणि दाराशीच उभे राहतात. परवा मात्र त्यांनी मला समोर उभे करून काहीतरी म्हणायला लावले. मी म्हटले. ते डोळे मिटून ऐकत होते. ‘‘पोले पोले,’’ ते म्हणाले, म्हणजे सावकाश, ‘‘आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाहीये.’’