तुझं उत्तर काय आलं?

सीईटी सुटली की केंद्राच्या फाटकाशी एकच प्रश्न ऐकू येतो, "तुझं उत्तर काय आलं?" गणिताचे ५० प्रश्न, वेळ ९० मिनिटे. २०१९ पासून परीक्षा संगणकावर. प्रश्नपत्रिका हाती उरत नाही. सारा हिशेब आठवणीवर! सकाळच्या आणि दुपारच्या पाळीचे प्रश्नही निराळे, आणि निकाल पर्सेंटाइलचा, म्हणजे आपल्या पाळीत किती जण आपल्या बरोबरीने वा मागे राहिले याचा. गुणांपुरती ही चर्चा फोलच.

चौघांचे उत्तर एक आणि आपले वेगळे आले की पोर पांढरेफटक पडते. पण वाचकहो, गणितात बहुमत चालत नाही. "अगं, वर्गमूळ काढताना ऋण उत्तर विसरलीस की!" एवढ्या एका वाक्याने चौघे हरतात. आत नुसता पर्याय निवडून भागले. इथे 'का' ते सांगावे लागते. परीक्षक नाही, गुण नाहीत, तरी मुले गणितावर भांडताहेत! याहून चांगला वर्ग कोणता?

तेव्हा फाटकाशी उभ्या आईबापांनी "किती बरोबर?" म्हणून घाई करू नये. पर्सेंटाइल निकालादिवशी कळेलच. हे भांडण मात्र पुरते होऊ द्यावे.