संगणकाला गर्दीचा आकडा कोण देणार?

त्र्यंबकेश्वर, प्रतिनिधी : सिंहस्थाच्या जाहीर कार्यक्रमानुसार पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. गोदावरीच्या उगमाशी वसलेल्या या गावापुढे त्या दिवशी गर्दीइतकाच मोठा प्रश्न असेल तो सांडपाण्याचा.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र हाही एक कारखानाच. फक्त कच्चा माल किती यावा, हे त्याच्या हाती नसते. अशा केंद्रांचे आराखडे आता संगणकावर तयार होतात. टाक्या, पंप, झडपा यांचे त्रिमितीय चित्र उभे राहते आणि एखादा नळ तुळईला आडवा जात असेल, तर बांधकामापूर्वीच ध्यानात येते. टाकीतील जिवाणू किती घाण पचवतील, याचेही गणित सॉफ्टवेअर मांडते. त्यासाठीचे एक प्रमुख गणिती प्रारूप १९८७ मध्येच प्रसिद्ध झाले आहे.

मात्र माणसे किती धरायची, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार त्र्यंबकची लोकसंख्या सुमारे १२ हजार. माणशी रोज १३५ लिटर पाणी व त्याचे ८० टक्के सांडपाणी, या प्रचलित हिशेबाने रोजचे सुमारे १३ लाख लिटर होतात. यात्रेकरूला माणशी ४५ लिटरच पाणी धरले, तरी एक लाख भाविकांमागे आणखी ३६ लाख लिटर सांडपाण्याची भर पडते. एकूण बोजा जवळजवळ चौपट! बारा वर्षांचे सोडा. श्रावणी सोमवार आणि पौषातील निवृत्तिनाथांची यात्रा तर दरवर्षीच असते. अशा गावासाठी वार्षिक सरासरीवर आराखडा बेतणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

केंद्र नुसते मोठे बांधूनही भागत नाही. एरवी सांडपाणी कमी आले की जिवाणूंची उपासमार होते आणि ऐन गर्दीत ते एका रात्रीत वाढत नाहीत. समांतर छोटी युनिटे उभारून त्यातील काही यात्रेपूर्वी काही आठवडे सुरू करणे आणि आलेले पाणी आधी मोठ्या टाकीत साठवून सावकाश सोडणे, हे मार्ग आहेत. तासागणिक बदलणारी आवक घालून ते संगणकावर आधीच तपासता येतात. ऑगस्टमध्ये येथे धो धो पाऊस असतो व ते पाणीही गटारांत शिरते. तेही या हिशेबात हवे.

म्हणूनच निविदेसोबत केवळ रंगीत चित्रे नकोत. भाविकांची व पावसाची कोणती संख्या गृहीत धरली, हे नगरपरिषदेने आणि प्रशासनाने काम सुरू होण्यापूर्वीच नागरिकांपुढे ठेवावे.