डोंगरामागचा सूर्य

‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले की भारतातील असंख्य शाळकरी मुले एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि तिच्या काठी झोपडी. कोकणातील मुलाने ते काढले तर त्यास थोडा तरी आधार असतो. तेथे सूर्य सह्याद्रीमागूनच वर येतो. परंतु चेन्नईच्या मुलानेही तेच काढावे, हे विचार करण्याजोगे आहे. त्याच्या पूर्वेस डोंगर नाही, बंगालचा उपसागर आहे. मरीनाच्या वाळूतून पाहिले तर सूर्य पाण्यातून उगवतो. मूल पाहते एक आणि काढते दुसरे. शाबासकी मात्र दुसऱ्यालाच मिळते.

हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या शिक्षकांचा नव्हे. संकेत आणि अनुभव यांचा हा जुना वाद वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. तमिळ संघम् काव्यात कुरिंजी, मुल्लै, मरुदम्, नेय्दल् आणि पालै या पाच तिणैंची नावे वनस्पतींवरून आली आहेत. प्रत्येक प्रदेशाचे पशुपक्षी, वृक्ष, व्यवसाय आणि त्याच्याशी जोडलेली प्रेमाची अवस्था ‘तोल्काप्पियम्’च्या परंपरेने निश्चित केली. हाही संकेतच होय. तथापि तो त्या त्या भूमीकडे निरखून पाहण्यातून घडलेला आहे. चेन्नईचा किनारा म्हणजे नेय्दल्. तेथील मुलाच्या वहीत मात्र नेय्दल् क्वचितच उमटते.

मारिया माँटेसरी 1939 साली याच नगरातील अड्यार येथे आल्या. चित्र काढून दाखविण्यापेक्षा मुलाचा डोळा आणि हात तयार करावेत, अशी त्यांची भूमिका होती. मराठी मुलखात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, खडे, शंखशिंपले हीच शिक्षणाची साधने केली. पैसा नसणे हे निरीक्षण टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

निरीक्षणाच्या आग्रहाने कल्पनाशक्ती खुंटते, असा एक आक्षेप घेतला जातो. वस्तुतः कल्पनाशक्ती खुंटते ती फळ्यावरचे चित्र उतरवून घेण्याने. मुलापुढे कडुलिंबाची एक डहाळी ठेवावी. पानाची कड दातेरी आहे आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हे त्याला स्वतः आढळू द्यावे. जे आढळले ते सांगण्यासाठी ते शब्दही शोधू लागते, आणि भाषेचे शिक्षण तेथेच सुरू होते.

डोंगरामागचा सूर्य वर्षानुवर्षे गिरविणारे मूल चित्रकलेहून अधिक काहीतरी शिकते: स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे. पुढे तेच वाचक होते, लेखकही होते. दुसऱ्याने पाहिलेलेच लिहिणारे वाङ्मय कोठून येते, असे विचारणाऱ्या समीक्षकाने एकदा शाळेतील चित्रकलेच्या वह्या उघडून पाहाव्यात.