तापीचा धाक आहे, खाडीचा का नाही?



पावसाळा लागला की सूरतच्या जुन्या मराठी घरांत पहिला प्रश्न निघतो, "उकाईची पातळी किती?" धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट, हे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. हा धाक ऑगस्ट २००६ ने घातला. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. त्यानंतर महानगरपालिका शिकली, हे मान्य केले पाहिजे. हवामान-बदलाला तोंड देण्याच्या आशियाई शहरांच्या कार्यक्रमात २००८ पासून सूरत, इंदूर आणि गोरखपूर ही भारतीय शहरे घेतली गेली. वरच्या खोऱ्यातला पाऊस, धरणातली आवक आणि शहरात येणारे पाणी यांची सांगड घालून आधी सूचना देणारी व्यवस्था उभी राहिली.

परंतु जुलै २०२४ आणि पुन्हा जून २०२५ मध्ये शहरात पाणी शिरले, ते तापीचे नव्हते, खाड्यांचे होते. मिठी खाडी, भेदवाड खाडी, कोयली खाडी यांना उकाईचा दरवाजा नाही. शहरावर धो धो पाऊस पडला आणि पाणी वाहून जायला वाट उरली नाही, की काही तासांत वस्ती पाण्यात जाते. लिंबायत, पर्वत पाटिया, उधना, पांडेसरा, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली आपली हजारो कुटुंबे राहतात. मुख्य शहरात स्थिरावलेल्या आपल्या जुन्या घरांना हे पाणी दारात दिसत नाही, म्हणून ते आपले नाही असे समजायचे काय?

आगीचेही तसेच. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये शिकवणीला गेलेली २२ मुले गेली. मग तपासण्या झाल्या, सील लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिवशक्ती टेक्सटाईल मार्केट पेटले आणि शेकडो दुकाने राख झाली. मधल्या जुलै २०२४ मध्ये सचिन-पाली येथे इमारत कोसळून सात जण दगावले. प्रत्येक वेळी घटना आधी आणि धावपळ नंतर. याला नियोजन म्हणत नाहीत.

नियोजन कशाला म्हणतात, हे याच शहराने दाखवले आहे. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगने लाखो लोक सूरत सोडून पळाले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. शहराचे सहा झोन करून तिथल्या अधिकाऱ्यांना अधिकार दिले गेले आणि वरिष्ठांना रोज सकाळी रस्त्यावर उतरावे लागले. कोणत्या कामाला कोण जबाबदार, हे ठरले. राव गेले तरी सफाईची घडी मोडली नाही, कारण ती एका माणसावर नव्हे, पद्धतीवर उभी होती. खाडी आणि आग यांसाठी अशीच पद्धत हवी. साथ नसतानाही झाडू रोज फिरतो. तसा पूर नसलेल्या वर्षीही खाडीवर पैसा खर्च झाला पाहिजे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक खाडीची पूररेषा आखून वस्तीतल्या खांबांवर रंगवावी. रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ नये. जुन्या झोपड्या हलवायच्या तर पर्यायी घर आधी द्यावे. खाडीची सूचना गुजराती, हिंदीबरोबर मराठीतही जावी. मनपा मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, तर मराठीत सूचना देणे तिला जड नाही. शिकवणी वर्ग आणि मार्केट यांच्या अग्निसुरक्षेची यादी वॉर्डवार जाहीर व्हावी. आणि दर मे महिन्यात सामान्य सभेपुढे हिशेब यावा: काय ठरले होते, किती झाले, कोणाकडून राहिले.

हे मागण्याइतके आपले वजन आहे. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ असे तीनदा आमदार झाल्या. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जून २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. मराठी आडनाव पाहून आपण हार घालतो, सत्कार करतो. ते जरूर करावे, पण त्याच व्यासपीठावर निवेदनही द्यावे. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे आणि ज्ञातीच्या संस्था यांनी एकत्र येऊन आपापल्या वॉर्डाचे निवेदन तयार करावे. मत मागायला दारी येणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आधी विचारावे, "आमच्या खाडीचे काय ठरले?"