शेवटची पाने

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता घोडे धावत नाहीत. संस्थानी काळाची आठवण तेवढी नावात उरली आहे. प्रत्यक्षात तेथे औद्योगिक वसाहत आणि वीज वितरण कंपनीचे मुख्यालय आहे. काही कामानिमित्त आम्ही नुकतेच त्या भागात गेलो असता, एका कारखान्याच्या फाटकाशी बसलेला वयस्क मराठी पहारेकरी बाबूराव अर्नाळकरांची झुंजारकथा वाचण्यात गढून गेलेला दिसला. पुस्तकाचे मुखपृष्ठ केव्हाच गेले होते आणि शेवटची पाचसहा पानेही गळून पडली होती. ‘मग गुन्हेगार कोण, हे तुम्हांला कळणार कसे?’ असे आम्ही सहज विचारले. ‘कोण ते नाही कळलं तरी चालतं, साहेब. तो सापडतो, एवढं ठाऊक आहे,’ असे त्याने शांतपणे सांगितले.

रहस्यकथेच्या लोकप्रियतेचे मर्म या एका उत्तरात आहे, आणि तिच्या मर्यादेचेही.

अर्नाळकरांचे, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण यांचे, आयुष्य १९०६ ते १९९६ असे नव्वद वर्षांचे होते. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके आहेत. झुंजार, काळापहाड आणि धनंजय ही त्यांची मानसपुत्रांची मांदियाळी गिरणगावाच्या चाळींपासून खेड्यापाड्यांतील ग्रंथालयांपर्यंत घरोघरी पोहोचली. पुढे गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपने हीच परंपरा चालवली. विद्वानांनी या लेखनाकडे नाके मुरडली, साहित्याच्या पंगतीत त्याला कोपऱ्यातले पानही मिळाले नाही. तथापि, ज्यांच्या घरात दुसरे पुस्तक कधी आले नाही, अशा असंख्य माणसांना वाचनाची गोडी याच लेखकांनी लावली. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु हिंदीच्या महासागरात राहणाऱ्या एका पहारेकऱ्याच्या हाती मराठी अक्षर टिकवून धरले ते कोणत्याही अध्यक्षीय भाषणाने नव्हे, तर एका फाटक्या झुंजारकथेने, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

अशा मालिकांचा वाचक नावीन्यासाठी वाचत नाही. तोच नायक, तोच धोका, तीच सुटका त्याला हवी असते. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून दरीत लोटले, तेव्हा वाचकांनी आकांत मांडला. अखेर १९०३ साली लेखकाला आपला नायक जिवंत करावा लागला. वाचकांना एक पात्र गमावल्याचे दुःख होतेच. पण आपल्या वतीने अन्यायाचा माग काढणारा कोणीतरी जगात आहे, हा दिलासा हिरावला गेल्याचे दुःख अधिक होते. ज्याचा अर्ज कचेरीत वर्षानुवर्षे धूळ खात पडतो आणि ज्याच्या खटल्याला तारखेमागून तारीख पडते, त्याला शंभर पानांत मिळणारा न्याय गोड वाटला तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

प्रश्न आहे तो पुस्तक मिटल्यानंतरचा. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी इंदूरइतके योग्य दुसरे शहर नाही. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा त्याच्या मोटारीतच गोळ्या घालून खून झाला. इंदूर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगम हिला पळवून नेण्याचा तो प्रयत्न होता. हल्लेखोर इंदूरशी संबंधित होते. कोणत्याही रहस्यकथेला शोभावा असा हा प्रसंग. मात्र त्या रात्री तेथे काळापहाड अवतरला नाही. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने त्या रस्त्याने आले. हाती पिस्तूल नसताना, गोल्फच्या काठीनिशी ते हल्लेखोरांशी भिडले. चेहऱ्यावर शस्त्राचे वार झेललेली मुमताज न्यायालयात उभी राहून बोलली. म्हणून खटला उभा राहिला आणि तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

मात्र या कथेचीही शेवटची पाने गळालेलीच आहेत. या कटामागे कोणाची आज्ञा होती, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयात झाला नाही. चौकशी आयोगाला सामोरे जा अथवा गादी सोडा, असा पर्याय पुढे येताच तुकोजीराव होळकरांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यांच्यावर आरोप सिद्ध झाला नाही, आणि संशयाचे निरसनही झाले नाही. जीवनातला गुन्हेगार दरवेळी सापडतोच असे नाही. जेवढा न्याय त्या वेळी झाला, तो थांबलेल्या वाटसरूंमुळे आणि न डगमगलेल्या साक्षीदारामुळे झाला.

आज आपण काय करतो? रस्त्यात कोणी कोणाला मारत असेल तर मान फिरवतो. साक्षीचे समन्स आले की आजारी पडतो. यात सारा दोष नागरिकाचा नाही. साक्ष देणाऱ्याच्या घरावर दगड पडू लागले तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हे शासनाचे काम आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही प्रत्येक राज्यावर अशा योजनेची जबाबदारी टाकली आहे. ही योजना कागदावरून उतरून साक्षीदाराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचा जाब राज्यकर्त्यांना विचारला गेला पाहिजे.

रहस्यकथा अवश्य वाचाव्यात. मुलांच्या हातून त्या हिसकावून घेऊ नयेत. अन्यायाची चीड आणि सत्याचा पाठपुरावा करण्याची चिकाटी त्या शिकवतात, हे संस्कार काही क्षुल्लक नव्हेत. मात्र पुस्तक मिटल्यावर झुंजारची वाट पाहत बसू नये. पोलोग्राउंडच्या त्या पहारेकऱ्याची श्रद्धा आम्हांला मोलाची वाटते. ती खोटी ठरू द्यायची नसेल, तर गळालेली शेवटची पाने आपणा सर्वांनाच लिहावी लागतील.